स्पॉटर नंबर चार

सियागंजातून छटाकभर आणलेलं दगडफूल
पुणतांबेकर बाईंनी ट्रेमध्ये ठेवलं.
पहिले तीन सोपे होते:
मॉस, मुळांचं नुसतं सोंग घेतलेलं;
नेचा, पानाच्या पाठीवर तपकिरी ठिपके;
कॉलेजच्याच बागेतल्या सायकसचं बी,
फुलावाचून आलेलं, उघडं.

चौथ्यापाशी सगळी बॅच अडली.
मूळ? नाही. खोड? नाही.
फूल? फक्त नावात.
दीपेश सिलावट हळूच म्हणाला,
"मॅडम, ये तो मसाले में जाता है."

बाईंनी ब्लेडनं पातळ काप काढला,
भिंगाखाली सरकवला.
वर-खाली बुरशीचे विणलेले धागे,
मधे अडकलेले हिरवे मणी.
एकीनं घर बांधायचं,
दुसऱ्यानं उन्हावर रांधायचं.
कोण कुणाकडे राहतं
हे पुस्तकंसुद्धा दर आवृत्तीत
जरा बदलून सांगतात.

बाई क्षणभर गप्प.
इंदुरात त्यांची ही पाचवी पिढी.
शेजारणीशी क्रियापदं हिंदी,
पाय आपटला की शिवी मात्र घरची.

दीपेशला अर्धा मार्क दिला.
उरलेला पुडा
स्पिरिटचा वास लागलाय का, हुंगून पाहिला
आणि पर्समध्ये टाकला.
गोडा मसाला करायचाच होता रविवारी.