डावा कान

पाटगावला एस.टी. वळून परत गेली
आणि मी वर निघालो.
पिशवीत दोन केळी, बॅटरी,
आणि डॉक्टरची चिठ्ठी,
घरी काढून ठेवायची राहून गेलेली:
डावा कान, सत्तर टक्के.

तेवीस वर्षं शिरोलीच्या फाउंड्रीत
मी कास्टिंग घासतोय.
ग्राइंडरचा आवाज आधी हातात शिरतो,
मग दातांत,
मग एके दिवशी बायको हाक मारते
आणि तुम्ही पंख्याकडे बघता.

रांगण्याला पोचायच्या आत दिवस बुडाला.
जंगल जळक्या वाळूगत काळं झालं.
चार घरांचा धनगरवाडा,
एकाच घरात चूल पेटलेली.
दारात बाई. तिचं तोंड हललं.
मी उजवा कान पुढं केला.
"ऱ्हायचं व्हय?" ती म्हणाली,
बहुतेक दुसऱ्यांदा.
"दोनशे. जेवान धरून."

ठकूबाई झोरे. नवरा धाकलू.
पोरगी रेश्मा, गारगोटीच्या होस्टेलातून
सुट्टीला आलेली.
नाचणीची भाकरी, खर्डा,
वाटीच्या काठावर थरथरणारं ताक.
रेडकू आतच बांधलेलं, माझ्या पायाशी.
रेश्मानं विचारलं,
लोखंड वितळतं तेव्हा कसल्या रंगाचं दिसतं?
म्हटलं, आधी ह्या निखाऱ्यासारखं,
मग पिवळं,
मग त्याच्याकडे बघवत नाही.
"मग पुढचा रंग कुणी बघितला?"
मला उत्तर सुचलं नाही.
धाकलूनं चुलीत लाकूड सारलं.

चढावर शर्ट घामानं भिजून वाळला होता,
पाठीवर मिठाच्या पांढऱ्या रेघा.
तो बाहेर, कुडाच्या खुंटीला अडकवला
आणि घोंगड्यात शिरून
कारवीच्या भिंतीला पाठ लावली.
उजवी कूस.
चांगला कान उशाखाली,
वाईट कान जगाकडे.
जग बंद.

सकाळी डोळे उघडले
तर तिघंही माझ्याकडेच बघत होती,
जत्रेत बघतात तशी.

"गवा आलता," धाकलू म्हणाला.
"दोनच्या सुमाराला. भिताडाला अंग घासत हुता.
घर हाललं. रेडकू मुतलं.
आम्ही अंधारात बसून, शब्द न्हाई.
आणि तुमचं आपलं घुर्र, घुर्र."
ठकूबाईनं पदर तोंडावर धरला.
"उठवावं म्हटलं. पर भ्याला तर वरडंल.
झोपू दे म्हटलं पावण्याला."

बाहेर दवानं ओल्या मातीत खूर,
माझ्या पंजाहून मोठे.
कुडाचं सारवण खरवडलेलं.
शर्टाची पाठ चाटून चाटून साफ,
एक रेघ शिल्लक नाही,
आणि उजवी बाही
नव्हतीच.

मी भिंतीशी उकिडवा बसलो, बोटं लावून बघितली.
कारवी एक बोट. शेणमाती दोन बोटं.
पलीकडं हजारेक किलोचा श्वास,
माझ्या घामावर जीभ फिरवत,
जो फाउंड्रीत रोज फरशीवर सांडतो
आणि कुणी विचारत नाही.
अलीकडं मी. तीन बोटांवर.

दोनशे दिले.
ठकूबाईनं पन्नास परत हातात ठेवले.
"बाहीचं," म्हणाली.
नको म्हटलं तर रागावलीच,
"गवा आमच्या दारातला हाय न्हवं?"

गडावर गेलो नाही.
एका बाहीच्या शर्टात खाली उतरलो,
कंडक्टरनं तिकीट देताना
दंडाकडे बघून काहीतरी विचारलं.
तो माझ्या डावीकडे होता.

सोमवारी ग्राइंडर लावला.
तीच शीळ, त्याच जागी.
फक्त रात्री दिवा घालवल्यावर
मी जरा वेळ उताणाच पडून राहतो हल्ली.
बायको विचारते, झोप येत नाही का?
येते.
कुठला कान वर ठेवायचा
ते अजून ठरत नाही.