सहा मीटर

चिलोएच्या धक्क्यावर दर रविवारी आम्ही डबा वाजवत उभे,
लाल हेल्मेट घालून, बिनपगारी बंबवाले.
माणसं हसतात, खिसे चाचपतात, बोटीत चढतात.

ओदुलिया बार्रिया डबा वाजवत नाही.
तिच्याकडे जाळ्याचा एक निळा दोर आहे.
"हे टोक जरा धरता?" एवढंच म्हणते
आणि दुसरं घेऊन मागे मागे जाते
पार बटाट्याच्या पोत्यांपर्यंत, दोर ताठ होईतो.
मग तिथूनच ओरडते,
"एवढाच कमी पडला यांचा पाइप!"

"यांचा" म्हणताना माझ्याकडे बघत नाही.
त्या रात्री पाइपाचं तोंड माझ्या हातात होतं.
पाणी तिच्या कोबीवर पडत राहिलं.

हातातलं टोक कुणालाच चटकन सोडवत नाही.
कुणी नोट देतं, कुणी वाळवलेल्या शिंपल्यांची माळ.
शाळेच्या पोरांनी तर दोर धरायला रांग लावली.

एप्रिलात नवा पाइप आला.
आधी तिच्या जागेपर्यंत ओढायला लावलान,
जिथं नुसती लोखंडी शेगडी उभी आहे, पावसात.
वीतभर उरला.
ती वीत तिनं बोटांनी मोजली, दोनदा,
आणि दोर गुंडाळून बहिणीकडे नेला,
कपडे वाळत घालायला.