बुजवल्याचा दाखला

नकाशावर सात ठिपके. गट नंबर एकशे बारा,
झुडपी जंगलाला लागून.
जंगल म्हणजे चार येन, एक मोह
आणि बोराटीची जाळी, पण कागदावर जंगल.
परवानगी आठ महिन्यांची.
सुरुंग नाही, यंत्र नाही, खोली तीन मीटरच्या आत,
वरची माती वेगळी ठेवावी, मुरूम वेगळा,
आणि जाताना जमीन पूर्ववत करून द्यावी.

पूर्ववत.
दोनशे वेळा तरी टाइप केला असेल मी हा शब्द.
त्यात पाय ठेवून उभी राहिले आज पहिल्यांदा,
मे महिन्यात, सँडल घालून.

हेमराज रहांगडाले मोहाखाली थांबलेले.
तुमसरात बियाण्यांचं दुकान, आणि खिशात
बांधीत सापडलेला एक काळा दगड,
चार वर्षं रुमालात गुंडाळलेला.
"हातात तर घ्या, मॅडम. वजन बघा."
घेतला. वजन होतं.
बोटांना काजळी लागली, ती दुपारपर्यंत गेली नाही.
प्रयोगशाळेचं पत्र मी आधीच वाचलं होतं:
मँगनीज आहे, खर्च निघण्याइतकं नाही.
आता उरली अनामत रक्कम,
ती माझ्या सहीनं सुटते.

खड्डे खणले बिरजा उईकेनं आणि तिच्या दिरानं.
बुजवलेही त्यांनीच.
टेपचं एक टोक तिनं धरलं, एक मी.
एक नंबर, भरला. दोन नंबर, भरला,
पण वर हातभर उंचवटा.
"हे असं का?"
"एका पावसानं बसते जी माती.
बरोबरीत भरलं त उद्या खड्डाच दिसन."
"आणि काळी माती बाजूला ठेवायचं कोणी सांगितलं?"
ती माझ्याकडे बघतच राहिली.
"सांगाले कायले पायजे? माणूस पुरतो
तवाबी वरची माती वरच टाकतो ना.
गवत लवकर येते."
मी लिहिलं: अट क्रमांक नऊ, पूर्तता.

तीन, चार. मध्येच मला आठवलं,
नमुन्याच्या पिशव्या नागपूरला गेल्या, त्या तिथेच राहिल्या.
म्हणजे चाळीस किलो कमीच भरणार ही जमीन,
कितीही नीट भरली तरी.
त्याला रकाना नाही.

पाच नंबरला पाणी होतं.
मार्चमध्ये टोल्याची बोडी आटली,
याच्या तळाला मात्र चिकणमाती लागलेली.
एका अंगाला कुदळीनं काढलेल्या तीन पायऱ्या,
त्यांच्यावर खुरांचे ठसे, लेंड्या,
आणि काठावर एक बेडूक, आपल्याच बापाचं असल्यासारखा.
"हा नाई बुजवला," बिरजा म्हणाली.
रहांगडाले तापले. "मजुरी सातांची घेतली ना?"
तिनं पदराची गाठ सोडली,
एकाची मजुरी मोजून दगडावर ठेवली.
वर एक खडा ठेवला, वाऱ्यानं उडू नये म्हणून.
कोणीच उचलली नाही.
एक करडू पायऱ्या उतरून प्यायला लागलं.

सहा आणि सात भरलेले होते. ते मी नीट पाहिलेच नाहीत.

नमुन्यात दोनच पर्याय: बुजविला, बुजविला नाही.
दुसऱ्यावर खूण केली तर दंड, आणि ट्रॅक्टर येईल.
पहिल्यावर केली तर मी खोटी.
मी समासात लिहिलं:
पाच नंबर. पश्चिमेस पायऱ्या तीन. पाणी टोंगळाभर.
वापर चालू.

आज फाईल परत आली.
साहेबांची लाल शाई, अक्षर नेहमीसारखं तिरकं:
टोंगळा म्हणजे किती मीटर? कोणाचा? खुलासा करावा.
दर सोमवारी रहांगडाल्यांचा फोन येतो.
नवतपा संपत आला, पेनाची शाई वाळते आहे,
आणि मी खुलासा सुरू केला आहे:

महोदय,
सदर मोजमाप शेळीचे.