बारा मिनिटांचा खुलासा

साहेब,
नोटीस पोचली. सात दिवसांत खुलासा मागितलाय,
आज सहावा.

मी चावीवाला. एकवीस वर्षं झाली,
जोडभावी पेठेच्या पोटातल्या नळ्या
मला हाताच्या शिरांपेक्षा पाठ आहेत.
पाचव्या दिवशी पाणी, तेही पहाटे तीनला.
दांडा खड्ड्यात उतरवायचा,
अठरा आटे उलटे फिरवायचे,
आणि कान जमिनीला लावायचा.
आधी हवा बोलते, मग गंज, मग पाणी.

त्या पहाटे वरच्या बोळात
नरसव्वा येमूल गेली होती.
साठवलेलं सगळं आजारपणातच संपलेलं,
तिला शेवटचं न्हाऊ घालायला तांब्याभरसुद्धा नाही.
मी चावी बारा मिनिटं उशिरा बंद केली.
कबूल. खाली सही आहे.

पाणी वाढत नाही, साहेब. ते फक्त सरकतं.
खालच्या बोळात शेवटच्या चार घरांत
नळ नुसताच खाकरला.
हे मला चावी धरून बसलो तेव्हाही माहीत होतं.

मुकादम म्हणाले, वेळापत्रक म्हणजे वेळापत्रक.
बरोबर आहे.
माझा बाप जेकार्डच्या मागावर होता.
भोकं पाडलेले पुठ्ठे वरून फिरायचे,
पुठ्ठा म्हणेल तोच दोरा उचलला जायचा
आणि चादरीवर मोर उतरायचा.
पुठ्ठ्याला दया नव्हती, म्हणून तर
सगळ्या मोरांचे डोळे सारखे.
पण दोरा तुटला की पुठ्ठ्याला कळायचं नाही.
बाप माग थांबवायचा,
जिभेवर बोट ओलं करून गाठ मारायचा.
ती गाठ कुठल्याच पुठ्ठ्यावर नव्हती.

धाकट्या इंजिनियर साहेबांनी हिशोब मांडला:
वर मेलेली एक,
खाली जिवंत एकोणीस.
मी विचारलं, मेलेल्या माणसाला शून्य धरलंत का?
त्यांनी मोबाईल खिशात ठेवला.
चांगला माणूस आहे, त्यांच्याविरुद्ध काही नाही.

बायको म्हणाली, पुण्य केलंत.
मला ते आवडलं,
आणि इतकं आवडलं म्हणूनच
दोन दिवस भाकरी गिळवली नाही.
कारण खरं सांगू?
नरसव्वा मला ओळखायची.
पहाटे खड्ड्याशी बसलो की दार किलकिलं करून
कडक भाकरीवर शेंगाची चटणी घालून सरकवायची.
खालच्या बोळात कुणी मेलं असतं
तर माझा हात तेवढाच थांबला असता का?
हा प्रश्न नोटिशीत नाही.
असायला हवा होता.

तक्रार अंबूबाईनं केलेली नाही, हे नोंदवावं.
खालच्या बोळातली ती. विड्या वळते.
त्या दिवशी टँकरमागं दुपारपर्यंत उभी,
हजारातल्या सहाशे राहिल्या.
संध्याकाळी आली, बोटांना तंबाखूचा वास.
भांडली नाही. एवढंच म्हणाली,
"काय बे मल्लू, तिला बारा मिनिटं दिलास.
मी मेल्यावर मला किती देतूस?
जिती हाय तवर त्यातली दोन दे की."

साहेब, नियमावली मी चाळली.
तिच्यात हे कलम नाही.
माझ्याकडंही नाही.

म्हणून माफी अर्धीच मागता येते.
नरसव्वाच्या बारा मिनिटांची मागत नाही.
अंबूबाईच्या चार हंड्यांची मागतो.
दोन्ही एकाच चावीनं झालंय,
ते वेगळं कसं काढायचं, मला कळत नाही.

एका दिवसाचा पगार कापावा.
जमल्यास तिच्या सहाशे विड्यांत घालावा.
ती घेणार नाही. तरी विचारावं.

आपला,
मल्लिनाथ कोरे

ता. क. दांड्याचा एक दात झिजलाय,
अठरा आट्यांचे कधी कधी एकोणीस होतात.
बदलून मिळावा.
उद्या तीनला पुन्हा माझीच पाळी आहे.