पाण्याला जागणं

अकरा वर्षं बोलणं नव्हतं आमचं.
कारण सांगितलं तर हसाल: टुल्लू पंप.
जनकगंजातल्या त्या बोळात पाइप एक, घरं दोन,
आणि नळ येणार पहाटे साडेचारला,
पंचवीस मिनिटं. फार तर अठ्ठावीस.

तरी पावणेबाराला कुमुदवहिनींनी
दार माझंच वाजवलं.
"हे गेले. अचला गाडीत बसलीय दिल्लीहून.
ती येईपर्यंत कुणीतरी जागं हवं."
दोन्ही पुतणे होते. एकाची सकाळची ड्यूटी,
दुसरा भिंतीला टेकून केव्हाच घोरत होता.

धुकं असं, की बर्फ सांगायची वेळ आली नाही.
मला दोन कामं दिली:
दिवा विझू द्यायचा नाही.
मांजर ओलांडू द्यायची नाही.
बाकी काय करायचं असतं
हे कुणी सांगत नाही.
मी वात पुढे सारली. मग पुन्हा सारली.
चादरीखाली पायांचे अंगठे, सुतळीने बांधलेले,
एवढेच तात्या पागनीस.

एक वाजता फोन: गाडी मथुरेला उभी आहे.
अडीचला: आग्रा कँट.
बाहेर चौकीदाराने काठी आपटली,
उजेड पाहून डोकावला,
"बाबूजी, सो मत जाना," म्हणाला,
आणि शिट्टी वाजवायची राहू देऊन पुढे गेला.

जागणं म्हणजे नुसते डोळे उघडे ठेवणं असतं
तर घुबडंही पुण्यवान.
आपल्यात माणूस शब्दाला जागतो,
खाल्ल्या मिठाला जागतो.
मी यांचं मीठ कुठे खाल्लं होतं?
संक्रांतीचा तिळगूळसुद्धा
अचला लहान असताना आणून द्यायची,
"गोड बोला" न म्हणता. शिकवून पाठवलेली असावी.

फळीवर त्यांचं घड्याळ होतं, चावीचं.
मिलमध्ये टाइमकीपर. हजारभर माणसांची ये-जा
या मनगटाने मोजलेली.
बिर्लानगरचा भोंगा बंद पडला,
यांनी चावी द्यायचं बंद केलं नाही.
तीन वाजून गेल्यावर टिकटिक मला पातळ वाटली.
कदाचित माझेच कान पेंगत होते.
दुसऱ्याच्या घड्याळाला चावी द्यावी का,
तेही अशा रात्री, कुणाला विचारणार?
दिली.
सात पिळे. आठव्याला ते अडलं.

पावणेचारला: धौलपूर सोडलं.
आता चंबळ. पुलावर गाडी हळू चालते.
मांजर आली. उंबऱ्यावर बसली,
दिव्याकडे बघत राहिली, माझ्यासारखीच.
हाकलायला हात उचलला आणि तसाच ठेवला.
ओलांडत तर नव्हती.

मग साडेचार झाले आणि पाइपात
ती ओळखीची घरघर.
माझा हात आपोआप बटणाकडे निघाला,
बटण भिंतीपलीकडे, माझ्या घरात.
दिवा सोडून उठता येत नव्हतं.
दोन्ही पंप गप्प. अकरा वर्षांत पहिल्यांदा.
पाणी आपल्या मर्जीनं थेंब थेंब येत होतं
आणि मी वाट बघत होतो खोकल्याची.

रोज याच वेळी, विटेच्या त्या बाजूला,
ते खोकायचे. मी बादली मुद्दाम आपटायचो.
आहे रे, उठलोय, एक थेंब जास्त घेऊ देणार नाही.
गेल्या श्रावणात दोन दिवस खोकला आला नाही
तर मी पंप न लावता उभा राहिलो होतो,
भिंतीला कान लावून.
हे घरी कुणालाच सांगितलं नाही.
आता तुम्हाला सांगतोय, तात्या.

रिक्षा थांबली. अचला आली,
केसांत धुक्याचं पाणी, हातात चपला.
"काका, तुम्ही?" म्हणाली. "रात्रभर?"
मी दिव्याकडे बोट दाखवलं,
जसा काही तो माझा हजेरीपट होता.

मग आत रडणं सुरू झालं
आणि वहिनी म्हणाल्या, अंघोळीला पाणी लागेल.
नळ जायला नऊ मिनिटं होती.
पाय बधिर झाले होते. भिंत धरून उठलो,
त्यांच्या मोरीत गेलो,
आणि त्यांचा टुल्लू लावला.