ओहोटीला खाली उतरून बघा

खांब कुजला म्हणून घर बसत नाही.
निदान इथे, कास्त्रोच्या खाडीवर, सहसा नाही.
लुमाचं लाकूड चिवट. बापाने ठोकलेले खांब
मी अजून टकटक करून पाहतो, ठणठणीत वाजतात.
घर बसतं ते पायाशी धरून असलेला गाळ
रोज चिमूटभर सरकल्यामुळे.
चाळीस वर्षं गिऱ्हाइकांना हेच सांगत आलो:
वरून रंग काय देताय,
ओहोटीला खाली उतरून बघा.

स्वतःच्या तोंडात मात्र
एकदाही उतरलो नाही.

सफरचंदाचा तुकडा तोडला की पांढऱ्या गरावर
तांबडी रेघ उमटायची.
यंदाचं फळ कडक निघालं, मी म्हणायचो.
पुढच्या वर्षीही तेच म्हणालो.
दुखत नव्हतं ना.
दुखणं कसं दार ठोठावतं, शेजाऱ्यांना उठवतं.
हे चोरपावलांचं:
चूळ टाकताना जरासं गुलाबी,
सकाळी जिभेवर जुन्या नाण्याची चव.

फिरत्या दवाखान्याची गाडी चर्चमागे लागली.
डॉक्टर यास्ना बार्रिया, माझ्या धाकटीच्या वयाची,
हातात बारीक सळई, सळईवर मापाच्या खुणा.
माझ्याकडेही आहे तशीच, पुरुषभर उंच,
खांबाशेजारी गाळात खुपसायला.
ती हिरडीच्या कडेकडेने टेकवत गेली,
नर्सला आकडे सांगत गेली:
दोन. तीन. दोन. पाच.
वाऱ्याने गाडी हलत होती. सहा.
सातला तिचा आवाज खाली आला.
मी धंद्यातला माणूस,
मला समजावून सांगायची गरज नव्हती.

"दात धड आहेत, मेस्त्रो. खालचं हाड गेलंय.
गेलेलं परत आणता येईल असं सांगत नाही.
उरलंय ते राखू."
मग तिने कीटण खरवडलं,
खांबांना कालवं चिकटतात तसं घट्ट बसलेलं.
जंतू तिथे बिऱ्हाड करतात,
आणि त्यांना हुसकावता हुसकावता
शरीर आपलंच हाड झिजवतं म्हणे.
सिगारेटचं विचारलं. मी एक पाकीट कमी सांगितलं.
रक्तातली साखर तपासून घ्या, म्हणाली.

एदुविना बाकावर बसली होती, हात तोंडावर.
तिसऱ्या बाळंतपणापासून ती तशीच हसते.
आमच्याकडे म्हणतात, लेकरामागे एक दात.
आम्ही हिशेबही जुळवला होता:
पोरं तीन, दात चार.
चौथा त्या न जगलेल्याच्या नावावर टाकला.

डॉक्टरने मान हलवली.
लेकरं दात नेत नाहीत, बाई.
पोटुशीपणी हिरड्या सुजतात, रक्त येतं,
तेव्हाच हलक्या हाताने नीट घासायचं असतं
आणि नेमकं तेव्हाच बाई भिऊन ब्रश ठेवून देते.
तुम्हाला कोणी सांगितलं नाही का?

सुईणीने नाही. पाद्र्याने नाही.
मी तर नाहीच.

परतताना ती पुलावर थांबली.
"म्हणजे तो चौथा," म्हणाली, "त्याने नव्हता नेला."
"नाही."
"मी बोल लावला होता त्याला. एकदा.
आरशासमोर."
खाली पाणी उतरत होतं, खांब उघडे पडत होते.
मी बघत राहिलो त्यांच्याकडे,
दुसरीकडे कुठे बघणार.

आता भरतीसारखं, दिवसातून दोनदा.
ब्रश तिरका, हिरडीच्या काठाशी.
आणि रात्री दोरा.
जाळी विणलेली बोटं माझी, जाड, फाटलेली,
तोंडात मावत नाहीत.
दाताला कवेत घेऊन दोरा खाली न्यायचा,
करवत चालवायची नाही, हे मेस्त्रोला
दहादा सांगावं लागलं.
पहिला आठवडा रक्त आलं. थांबू नका, ती म्हणाली होती.
आज अकरावा दिवस, दोरा जवळजवळ पांढरा.
सळई काय म्हणेल ते गाडी परत आली की कळेल.

दिवा अंधूक, म्हणून एदुविना समोर उभी राहते.
माझी लाळ, माझी बोटं, तो गुंता पाहून
तिला हसू फुटतं,
आणि आरसा धरायला
तिचे दोन्ही हात लागतात.