भाकऱ्यांतला र

डब्याच्या बिलावर ‘भाकऱ्या’ नीट उमटत नव्हतं.
पापणीसारखा तो अर्धा र
उडून बसायचा य च्या डोक्यावर,
आणि व्हायचं ‘भाकर्या’.
चाळीस बिलं, चाळीस भाकर्या.
मराठी वाचणारं कोण आहे म्हणा इथे,
बँकेतला एक, आणि राजेंद्रनगरच्या त्या दोघी बहिणी.
बाकी सगळे ‘आंटी, ज्वार की रोटी’ म्हणून मोकळे.
पण मला दिसतं ना.

तरी बरं, त्याआधी कॉम्प्युटरच नव्हता.
होता म्हणजे, ह्यांच्या ऑफिसने भंगारात काढलेला,
चालू केला की पोह्यांना वाफ येईपर्यंत
नुसतं गोल गोल फिरायचं त्याच्यावर.
निमिषने त्यात काहीतरी दुसरंच घातलं.
दोन महिन्यांचे डब्याचे पैसे थकले होते त्याचे,
त्याबदली.
केवढ्याला पडलं, विचारलं.
म्हणे, फुकट.

फोनवरचं ते डब्यांचं ॲपही
पहिले सहा महिने फुकटच होतं.
मग रुपयामागे पंचवीस पैसे कापायला लागले,
आणि वर तारे.
माझ्या आमटीला साडेतीन तारे!
कुणी दिले, विचारायची सोय नाही.

काकू, हे तसं नाही, तो म्हणाला,
ह्याचं आतलं सगळं उघडं असतं,
कुणीही बघावं, कुणीही सुधारावं.
उघडं ठेवलं की माशा बसतात, मी म्हटलं.
हे माझं मत. थोडं अजूनही आहे.

मतं पुष्कळ आहेत मला.
जिरावण पोह्यांवर ठीक, पेरूवर ठीक,
वरणभातावर भुरभुरणाऱ्याचा डबा बंद करावा.
मिक्सरातली दाण्याची चटणी म्हणजे पीठ.
सराफ्यात रात्री बाराला गराडू हाणून
सकाळी ‘आज हलकं द्या’ म्हणणाऱ्यांना
मी मुद्दाम वांगं देते.
पुण्याची नणंद म्हणते, तुझी मराठी हिंदाळली.
असेल. मी सब्जी म्हणते, ठेला म्हणते,
पण र कुठे मोडतो ते मला कळतं.

तर निमिषने ते लिहून पाठवलं.
कुणाला?
जो बघेल त्याला, म्हणाला.
खाली चार-पाच उदाहरणं हवीत.
मी मेथी निवडता निवडता सांगत गेले:
भाकऱ्या. पुऱ्या. कैऱ्या. सुऱ्या. मोऱ्या.
त्याने आपल्याकडून एक घातलं, बऱ्हाणपूर.
घरी जाऊन वर्ष झालं होतं त्याला.

गणपती गेले, दिवाळी गेली.
त्याला नोकरी लागली, हैदराबादला.
उरलेले तीनशे चाळीस रुपये
टेबलावर वाटीखाली ठेवून गेला.
एका मंगळवारी मशीनने विचारलं, नवं घालू का?
गॅसवर दूध होतं,
न वाचताच ‘हो’ दाबलं.

दुपारी बिलं काढली.
र आपल्या जागी.
य ला टेकून, बारीक, वळलेला,
झोपलेल्या पोराच्या पापणीसारखा.
चाळीसही बिलं बघितली एकेक,
पोळ्या थंड झाल्या.

कुणी केलं असेल?
भाकरी पाहिलीही नसेल त्याने,
किंवा तिने.
कुठल्याशा गावात, दिवसाचं काम आटपून
एका रेषेसाठी बसलं असेल कुणी,
जी इथे वाचणारे चौघं,
मला धरून.

निमिषला फोन केला.
म्हटलं, त्या माणसाला काही पाठवता येतं का?
डबा तर पोचायचा नाही.
हसला. म्हणाला, काकू,
दुसरं काही मोडलेलं सापडलं तर कळवा,
तेच चालतं त्यांना.

तेव्हापासून बिलं नीट वाचते.
काल सापडलंय एक:
लोणच्याचा ल हिंदी वळणाचा येतो.
लिहायला बसलेय,
पण इंग्रजीत लिहावं लागतं,
‘लोणचं’ला काय म्हणायचं इथपर्यंत आलेय,
आणि दूध वर येतंय.